मुख्याध्यापिकांची खासगी कागदपत्रे (बडोदे)

बडोदे संस्थानात मुलींच्या शाळा ज्यांनी प्रथम सांभाळल्या, त्या बायकांच्या घरी उरलेली पत्रे, रोजनिश्या, हिशेबाच्या वह्या, नेमणुकीचे हुकूम, छायाचित्रे आणि शाळेच्या कागदांच्या नकला यांचा विचार या नोंदीत केला आहे. शाळेचे दप्तर सरकारी असते. हे कागद मात्र दांडिया बाजार, रावपुरा अशा भागांतल्या मराठी घरांत, ट्रंकेत किंवा माळ्यावर राहिले. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात त्यांना दुय्यम साधन मानणे चूक आहे.

सयाजीराव गायकवाड तिसरे (कारकीर्द १८७५–१९३९) यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. मुलांसाठी वय ७ ते १२, मुलींसाठी ७ ते १० असे ठरले. त्याआधी, १९०४ मध्ये, बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला होता. शिक्षण खात्याच्या वार्षिक अहवालात शाळा किती, पट किती, खर्च किती हे मिळते. एखादी हुशार मुलगी तिसरीतून एकाएकी का दिसेनाशी झाली, तिच्या घरी कोण समजूत घालायला गेले, हे मिळायचे असेल तर बाईंच्या टिपणवहीतच मिळेल.

पत्रांत मजकुराआधी मायना पाहावा. लग्न झालेल्या बाईला ‘वज्रचुडेमंडित सौभाग्यवती’, विधवेला ‘गंगाभागीरथी’, लहानाला ‘चिरंजीव’ असे लिहिण्याची रीत होती. दुखवट्याचे पत्र वाचून फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाही, हीही रीत. त्यामुळे नवरा गेल्याची बातमी सांगणारे पत्र संग्रहात बहुधा नसतेच. एका पत्रावर ‘सौ.’ आणि त्यापुढच्यावर ‘गं. भा.’ एवढ्यावरूनच मधल्या काळात काय घडले ते कळते. अनेकींच्या नोकरीची सुरुवात वैधव्यानंतरच झाली, म्हणून ही दोन अक्षरे मोलाची. उलट लग्नपत्रिका कोपऱ्याला कुंकू लावलेल्या असतात. तो डाग समजून पुसू नये; तोही कागदाचाच भाग आहे.

एकाच बाईंच्या बस्त्यात घरखर्च मोडीत, शाळेची टिपणे गुजरातीत, माहेरचे पत्र बाळबोधीत (देवनागरीत) आणि एखादा अर्ज इंग्रजीत अशी सरमिसळ सापडू शकते. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे हात न उचलता लिहीत. शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्याने सवयीने ओळखायचे. तारखांचाही घोळ होतो. शके चैत्रात बदलतो, गुजरातेत विक्रम संवत कार्तिकात, आणि संस्थानाचे सरकारी वर्ष ऑगस्टपासून जुलैपर्यंत चाले. पगाराच्या आकड्यापुढे नुसते ‘रुपये’ असले तर ते बाबाशाही (बडोदे संस्थानाचे) की कलदार (ब्रिटिश सरकारचे), हे आधी पाहावे लागते, कारण विसावे शतक उजाडेपर्यंत बडोद्यात संस्थानाचे स्वतःचे नाणे चालत होते आणि त्याची किंमत कलदारपेक्षा कमी होती.

कागद ज्या क्रमाने बांधलेले सापडतील, त्याच क्रमाने ठेवावेत. घरातले लोक प्रेमाने पत्रे एकीकडे, हिशेब दुसरीकडे लावतात आणि तिथेच मोठे नुकसान होते: किराणाच्या यादीशेजारी शाळेचा हजेरीचा कागद का होता, हे मग कायमचे हरवते. लॅमिनेशन कधीही करू नये. चिकटपट्टी, टाचण्या, रबर नकोत. कसर आणि वाळवी यांच्यापासून जपायचे तर ट्रंक भिंतीला आणि जमिनीला न टेकवता कोरड्या जागी ठेवावी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराने बडोद्याचा बराच भाग पाण्यात होता. तळमजल्यावरच्या ट्रंका वर हलवायला त्याहून मोठे कारण नको. भिजलेली पाने ओढून सुटी करू नयेत. शाई फुटत नसेल तर गठ्ठा टीपकागदावर ठेवून पंख्याच्या वाऱ्याखाली सावकाश सुकवावा, उन्हात नाही.

कागद एखाद्या संस्थेकडे सुपूर्द करताना मालकी नीट समजून घ्यावी. आलेले पत्र ज्या घरी आहे त्या घरचे, पण त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याकडे आणि पुढे तिच्या वारसांकडे राहतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता यांचे कागद दिल्लीला पूर्वीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात (२०२३ पासून प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय) आहेत. सावित्रीबाई फुले यांची जोतीरावांना लिहिलेली १८५६, १८६८ आणि १८७७ सालची तीन पत्रे टिकली, म्हणून त्यांचा स्वतःचा आवाज आज वाचता येतो. बडोद्याच्या साध्या मुख्याध्यापिकेच्या वाट्याला असे जतन क्वचितच येते.

सूची करताना तिची दोन्ही नावे द्यावीत. शिक्षण एका नावाने आणि नेमणूक दुसऱ्या नावाने झालेली असू शकते, आणि शाळेतल्या मुली तर तिला नुसते ‘बाई’ म्हणत. माहेरचे नाव, सासरचे नाव आणि पत्रांत येणारे घरातले हाकेचे नाव एकमेकांशी जोडून ठेवले नाही, तर एकाच बाईंचे कागद तीन वेगळ्या बायकांचे म्हणून नोंदले जातात.