डीकन आणि वडील : बढतीचा जिना नव्हे

मंडळीची, म्हणजे आपल्या चर्चची, निवडणूक जवळ आली की खडकीपासून पिंपरीपर्यंत कुठेही जा, एक वाक्य कानावर पडतंच : ‘इतकी वर्षं डीकन आहे बिचारा, आता वडील करून टाका.’ वडील म्हणजे मंडळीला शिकवणारा, तिची देखरेख करणारा पुढारी. जणू कारकुनाचा हेडक्लार्क करायचाय.

डीकन कोण हे सांगायला नको. अर्पण मोजणारा, विधवांकडे, आजाऱ्यांकडे मदत पोचवणारा, नाताळच्या पंगतीत घामाघूम होणारा. शास्त्रात त्याला ‘सेवक’ म्हटलंय, आणि आपण पोस्टरवर ‘देवाचे सेवक’ छापतो ते उपदेशकांसाठी. असो. वडिलांसाठी शास्त्रात येणाऱ्या ‘अध्यक्ष’ शब्दानंही उगाच हार-नारळ आठवतात. प्रेषितांची कृत्ये २० मध्ये प्रेषित पौल इफिसच्या वडिलांना मिलेताला बोलावून घेतो आणि त्यांनाच अध्यक्ष म्हणतो. माणसं तीच.

खरी गोम १ तीमथ्य ३ मध्ये, पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात आहे. अध्यक्ष आणि डीकन कसे असावेत, याच्या तिथल्या दोन्ही याद्या शेजारी धरा. दारूच्या आहारी नसावा, पैशाचा लोभी नसावा, एका स्त्रीचा पती असावा, घर नीट चालवणारा असावा : दोघांनाही तेच. चारित्र्यात डीकनला कसलीही सूट नाही. उलट आधी पारख करून मग काम द्यावं, हे त्याच्याच बाबतीत लिहिलंय. मग वडिलांकडे जास्तीचं काय हवं? शिकवण्याची हातोटी. पाहुणचाराची आवड वगैरे बारीकसारीक फरक आहेत, पण वजन या एका अटीवर आहे. तीताला लिहिलेल्या पत्रात पौल ती आणखी सोडवून सांगतो : सुशिक्षणानं बोध करता आला पाहिजे आणि उलट बोलणाऱ्याला खोडूनही काढता आलं पाहिजे. कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे कोणाच्या घरी भरलेल्या प्रार्थनासभेत, कोणी पाहुणा ‘विश्वास धरा, दारात गाडी येईल’ असं शिकवून गेला, तर दुसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन शास्त्र उघडून बसणं हे वडिलांचं काम. त्यासाठी व्यासपीठ गाजवता यायला हवं असं नाही. पण हिशेब चोख ठेवणाऱ्याला हे जमेलच, असंही नाही. एका मंडळीत मी हे पाहिलंय : हाडाच्या डीकनला ‘वर’ चढवलं. अर्पणाच्या पेटीचा हिशेब विस्कटला, आणि वडील काही मिळाला नाही.

‘मग विधवांच्या वाटपासाठी निवडलेल्या सात जणांपैकी स्तेफनानं उपदेश केला तो?’ करू दे की! डीकननं तोंड उघडू नये असं कुठंच नाही. ती त्याच्या नेमणुकीची अट नाही, इतकंच. आणि तसं पाहिलं तर कृत्ये ६ मध्ये त्या सात जणांना कृत्यांचा लेखक लूक ‘डीकन’ म्हणतही नाही. मात्र विधवांचं रोजचं वाटप आणि वचनाची सेवा, दोन्हींना तो ग्रीकमध्ये एकच शब्द वापरतो : दियाकोनिया. वरचं-खालचं आपण घातलं.

१९७० साली स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात डीकनची दीक्षा प्रेसबिटर, म्हणजे दीक्षित पाळक, होण्याआधी मिळते, म्हणजे तिथं जिना खरोखर आहे. ती त्या परंपरेची रीत. माझं तिच्याशी भांडण नाही. पण जिथं डीकन आणि वडील दोघेही मंडळीच निवडते, तिथं तो जिना उसना आणू नका.

यंदा कोणाचं नाव सुचवायच्या आधी त्याला बुधवारच्या प्रार्थनासभेत तीताचा पहिला अध्याय समजावून सांगायला लावा. नाही जमलं, तर पेटीची किल्ली त्याच्याकडेच राहू द्या. सन्मानानं.