लोकर की अ‍ॅक्रिलिक? किल्टच्या बाबतीत बोटांवर विसंबू नका

किल्ट म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा निऱ्यांचा, घागऱ्यासारखा पोशाख, आणि त्याच्या कापडावरचं टार्टन म्हणजे नक्षी. उभ्या-आडव्या रंगीत पट्ट्यांची ठरलेली मांडणी, बस. ती लोकरीत विणा, सुतात विणा, नाहीतर बिस्किटाच्या डब्यावर छापा, टार्टन ते टार्टनच. स्कॉटलंडमध्ये २००८च्या कायद्याने टार्टनची अधिकृत नोंदवही तयार झाली, तिच्यातही नोंद होते ती नक्षीची. तेव्हा "हा रॉयल स्टुअर्ट आहे, म्हणजे लोकरीचाच असणार" (रॉयल स्टुअर्ट हे एका टार्टनचं नाव) हे वाक्य कृपा करून कोणी म्हणू नये. मी ते आठवड्यातून एकदा तरी ऐकते.

एडिंबरामध्ये मी कपडे दुरुस्तीचं काम करते. इथे शिकायला आलेली आपली मुलं पदवीदानाला, मित्राच्या लग्नाला घालायला म्हणून जुन्या कपड्यांच्या दुकानातून किल्ट घेतात आणि कंबर बेतायला माझ्याकडे आणतात. लेबल बहुतेक वेळा कापलेलं असतं. गेल्या हिवाळ्यात एक जण दोन किल्ट घेऊन आला. एक दुकानातला, मऊ, अंगावर बारीक लव असलेला. दुसरा त्याच्या घरमालकांच्या वडिलांचा. जड, गुळगुळीत, जरा कडकच. म्हणाला, "काकू, हा लोकरीचा ठेवतो. तो दुसरा टेरिकॉटचा दिसतोय, देऊन टाकू का?"

नेमकं उलट होतं. मऊ किल्ट अ‍ॅक्रिलिकचा होता.

चूक त्याची एकट्याची नाही. आपल्याला लोकर ठाऊक असते ती घोंगडीची आणि स्वेटरची. त्यातून विणायच्या कुठल्याही दोऱ्याला आपण सरसकट 'लोकर' म्हणतो, मग तो गुंडा शंभर टक्के अ‍ॅक्रिलिकचा का असेना. त्यामुळे लव दिसली की बोटं 'लोकर' म्हणून मोकळी होतात. पण किल्टची लोकर वर्स्टेड असते. आखूड तंतू विंचरून काढून टाकायचे, लांब तंतू एका दिशेने बसवायचे आणि मग पीळ द्यायचा. असं सूत गुळगुळीतच निघणार, आणि त्याच्या निऱ्या धारेवर बसतात त्या त्यामुळेच. फुगीर आणि लवदार असणं हा स्वस्त अ‍ॅक्रिलिक किल्टचा गुण आहे. वरच्या निऱ्यांवर, बसायच्या जागी गोळे आले असतील तर संशय आणखी पक्का.

वजनाने थोडंफार कळतं. जड किल्टचं कापड १६ औंसाचं, म्हणजे दुहेरी पन्ह्याच्या एका वाराला साधारण ४५० ग्रॅम, आणि पूर्ण पारंपरिक किल्टला एकेरी पन्ह्याचं आठ वार, म्हणजे दुहेरी पन्ह्याचं साधारण चार वार कापड लागतं. मात्र हलकी लोकरही विणली जाते, म्हणून नुसत्या वजनावर निकाल देऊ नका. कसर लागून भोकं पडली असतील तर कापडात लोकर आहे असं धरायला बरीच जागा आहे. कसरीला अ‍ॅक्रिलिक पचत नाही.

खरा निवाडा ज्योतीवर होतो, आणि लोक गडबड करतात तीही तिथेच. धागा जाळतात, केस जळल्यासारखा वास आला की "शुद्ध लोकर" म्हणून मोकळे होतात. वास एवढंच सांगतो की लोकर *आहे*. आणखी काय मिसळलंय ते वास सांगत नाही. टेरिवूलच्या, म्हणजे पॉलिएस्टर-लोकर मिश्रणाच्या सुटाचा धागा जाळून पाहा, त्यालाही केसाचाच वास येईल. म्हणून वासावर थांबू नका, मागे काय उरतं ते बघा.

तीन-चार धागे एकत्र पिळा, चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा, खिडकी उघडा. ज्योत बाजूने हळूहळू जवळ आणा. लोकर आक्रसते, तडतडते, रेंगाळत जळते आणि ज्योत दूर केली की आपणहून विझते. मागे काळा फुगीर मणी राहतो. तो पूर्ण गार होऊ द्या आणि मग चिमटीत चोळा: भुगा होतो, बोट काळं होतं. अ‍ॅक्रिलिक एकाच वेळी वितळतं आणि पेटतं, काजळी सोडत जळतच राहतं. उरतो तो वेडावाकडा कडक खडा, नखाने दाबला तरी फुटत नाही. भुगा करताना बोटाला मध्येच कच लागली, तर ते मिश्रण. आणि कागद जळल्यासारखा वास येऊन कडक कण उरले, तर ते पीव्ही, म्हणजे पॉलिएस्टर-व्हिस्कोज. हे दिसायला वर्स्टेडच्या फार जवळ जातं, घरी धुता येतं, आणि मला त्याच्याबद्दल काही तक्रार नाही, लोकर म्हणून विकलं नाही तोवर.

धागा घ्यायचा कुठून, हेही महत्त्वाचं. पुढच्या पदराच्या उभ्या कडेला दशा सोडलेल्या असतात, तिथला एक तुकडा सगळे काढतात. पण किल्टचं कापड अंगाभोवती लांबीत गुंडाळलेलं असतं, त्यामुळे त्या आडव्या दशा म्हणजे फक्त ताण्याचे, कापडाच्या लांबीत जाणारे धागे. रुंदीत जाणाऱ्या बाण्याचं काय? दशांच्या मुळाशी सुईने एक उभा धागा सोडवा आणि तो वेगळा जाळा. शिवाय प्रत्येक रंगाचा एकेक. कृपा करून लायटर थेट कापडाला लावू नका. तसे जळके कोपरे मी रफू केले आहेत.

मिश्रणाचा संशय उरला तर क्लोरीनचं साधं ब्लीच काचेच्या वाटीत घ्या आणि त्यात धागा बुडवा. त्यात दुसरं काही, विशेषतः व्हिनेगर, मिसळायचं नाही. लोकरीला बुडबुडे येतात, ती पिवळी पडते आणि तासा-दोन तासांत विरघळून जाते. अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिएस्टर तसंच राहतं. वाटीत जे उरलं, ते लोकर नव्हतं.

त्या मुलासमोर आम्ही दोन्ही किल्टचे धागे असेच वाट्यांत टाकले आणि चहा घेतला. चहा संपून गप्पा लांबल्या तोवर घरमालकांच्या वडिलांच्या किल्टची वाटी रिकामी झाली होती. मऊ किल्टचा हिरवा धागा मात्र होता तसाच तळाशी पडलेला. मी त्या जड किल्टची कंबर उसवली. आत शिवणीत भरपूर माया, म्हणजे जादा कापड सोडलेलं होतं, दोन इंच सहज निघाले.