डिफरन्शियलच्या प्लगचा वायसर

गाडीच्या डिफरन्शियलमधलं (इंजिनची ताकद दोन्ही बाजूच्या चाकांना वाटून देणारी गिअरची पेटी, थोडक्यात डिफ) ऑईल काढायला खाली एक प्लग असतो आणि भरायला वर बाजूला एक, या दोन्ही प्लगच्या डोक्याखाली बसणारी मऊ धातूची रिंग म्हणजे हा वायसर. प्लग आणि हाउसिंग, म्हणजे डिफचं बाहेरचं कवच, दोन्ही कडक, हाताला गुळगुळीत लागले तरी त्यावर बारीक ओरखडे असतातच, प्लग आवळला की मधला वायसर दाबला जाऊन त्या ओरखड्यांत शिरतो आणि ऑईलची वाट बंद होते. दाबलं जाणं हेच त्याचं काम, म्हणून तर ऑईल बदलताना जुनाच लावू की नवा हा प्रश्न दरवेळी निघतो.

मुंबईत स्विफ्ट, वॅगन-आरसारख्या ज्या गाड्या सगळ्यात जास्त दिसतात त्यांची पुढची चाकं ओढतात, त्यांचं डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं आणि ऑईलही तेच, त्यामुळे हा वेगळा प्लग त्यांना नसतोच. इको, बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा यांना मात्र मागे वेगळं डिफ आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या पद्मिनी टॅक्सीलाही मागेच होतं, त्या काळ्या-पिवळ्या २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या.

वायसर मुख्यतः तीन जातीचे. तांब्याचा सपाट, ॲल्युमिनियमचा (सपाट किंवा आतून पोकळ दुमडलेला), आणि लोखंडी रिंगला आतून रबर चिकटवलेला. काही जुन्या गाड्यांच्या प्लगचे आटेच निमुळते असतात, तिथे वायसर लागत नाही आणि घालूही नये.

पोकळ वायसर एकदा चपटा झाला की संपला, तो परत फुगत नाही. ॲल्युमिनियमवर जुन्या प्लगची गोल खाच पडलेली असते, नख फिरवलं तर नख अडकतं, आणि पुन्हा लावताना प्लग नेमका त्याच खाचेत बसेल याची काही खात्री नाही. रबरवाल्याचं रबर गरम-थंड होऊन कडक पडतं. या तिघांना सरळ नवा घ्यायचा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

तांब्याची गोष्ट वेगळी. तांबं दाबलं, ठोकलं की कडक होत जातं, म्हणूनच तांबट हंडा घडवताना मधेमधे भट्टीत घालून तापवतो आणि मग परत ठोकायला घेतो. वायसरलाही तेच लागू पडतं. ऑईल नीट पुसून, पकडीत धरून गॅसच्या ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात सोडायचा किंवा तसाच गार होऊ द्यायचा, तांब्याला दोन्ही चालतं, पोलादासारखं पाण्यात टाकल्यावर ते कडक होत नाही. बाहेर काढल्यावर काळा पडलेला दिसतो, चिंचेने किंवा घासणीने घासला की पुन्हा गुलाबी, आणि बोटाने वाकवून बघा, मगाशी हट्ट करणारी रिंग आता सहज वाकते. असा तांब्याचा वायसर परत लावायला हरकत नाही, फक्त तो फार पातळ झालेला किंवा चिरलेला नसावा. ॲल्युमिनियमवर हा प्रयोग अजिबात करू नका, ते ६६० अंशाला वितळतं आणि त्याआधी लाल होऊन सांगत नाही.

तरीही माझं मत नवाच लावा असं आहे, आणि दोन्ही प्लगना. कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या गल्ल्यांत साधा तांब्याचा वायसर जवळपास वडापावच्या भावात मिळतो, पण माप आधी बघून आणून ठेवा, गाडी उघडी पडल्यावर कोण धावणार. एवढा आग्रह का, तर इंजिनला डिपस्टिक आहे, ऑईलचा लाल दिवा आहे, डिफला यातलं काहीच नाही. आत ऑईल जेमतेम लिटर-दोन-तीन लिटर, थेंब थेंब गेलं तर कोणाला कळत नाही, कळतं तेव्हा आतले क्राउन-पिनियन हे गिअर रडायला लागलेले असतात आणि मग खर्च वायसरचा राहत नाही.

काम करताना आधी वरचा भरायचा प्लग उघडून बघायचा. खालून सगळं ऑईल सोडून दिलं आणि वरचा गंजून अडकलेला निघाला तर गाडी जागेवरच. दुसरं म्हणजे जुना वायसर कधी कधी हाउसिंगलाच चिकटून राहतो, काळ्या चिखलाखाली दिसतही नाही. आमच्या इकोला एका गॅरेजमध्ये असाच जुन्यावर नवा बसवला गेला होता, आठ दिवसांत पार्किंगच्या लादीवर डाग, आणि त्या ९० नंबर गिअर ऑईलचा गंधकासारखा वास जाता जात नव्हता. प्लग काढल्यावर बोट फिरवून बैठक, म्हणजे हाउसिंगवरची वायसर टेकतो ती जागा, चाचपायची, कपड्याने पुसायची, मगच नवा घालायचा.

गळलं की आणखी आवळायचं ही सवय सगळ्यात महागात पडते, हाउसिंग ॲल्युमिनियमचं असेल तर आटे जातात. मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळायच्या जोराला, टॉर्क पान्याने आवळा, तरी गळलं तर वायसर किंवा बैठक बघा. टेफ्लॉन टेप गुंडाळणं हा काही उपाय नाही.

पावसाळ्यात मात्र दोष वायसरचा आहे का ते तपासून घ्या. हिंदमाताला किंवा अंधेरी सबवेला साचलेल्या पाण्यात तापलेलं डिफ बुडालं की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदरमधून (डिफची हवा ये-जा करायची वाट) किंवा फिरत्या दांड्यांभोवतीच्या सीलमधून पाणी ओढलं जातं, ऑईल दुधी होतं, आणि वायसर कितीही नवा असला तरी ते ऑईल बदलावंच लागतं. उलट ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर तापल्यावर आत दाब साठतो आणि ऑईल सीलमधून बाहेर येतं, ओघळ घरंगळत प्लगपर्यंत येतो म्हणून वायसरवर आळ येतो. सगळं कोरडं पुसून, दोन दिवस गाडी चालवून, ओल नेमकी कुठून सुरू होते ते खाली वाकून बघायचं.