प्रोस्टेटचं ऑपरेशन सांगितलंय? ठरवण्याआधी हे वाचा

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘प्रोस्टेट ६० ग्रॅम’ असं दिसलं की बरेच जण घाबरून आमच्याकडे येतात. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाभोवती असलेली ग्रंथी. ती नॉर्मल असते तेव्हा साधारण २० ग्रॅमची, त्यामुळे धास्ती वाटणं साहजिक आहे. पण ऑपरेशन वजनावरून ठरत नाही. मोठी ग्रंथी असून मोकळी लघवी होणारे असतात, आणि जेमतेम वाढलेल्या ग्रंथीनं लघवी पार तुंबलेलेही असतात. आतली वाढ मूत्रमार्गाला किती दाबते, त्यावर सगळं आहे. शिवाय ही वाढ म्हणजे कॅन्सर नाही.

आधी गोळ्या. टॅमसुलोसिननं काही दिवसांत धार सुधारते. ड्युटास्टेराइडनं ग्रंथी हळूहळू आकसते, तिला सहा महिने तरी द्यावे लागतात. एवढ्यावर भागत असेल तर ऑपरेशनचं नाव काढू नये. मात्र तुंबलेल्या लघवीसाठी घातलेली नळी काढल्यावर लघवी पुन्हा अडली, सारखा जंतुसंसर्ग होतोय, लघवीतून रक्त जातंय, मूत्राशयात खडे झालेत किंवा किडनीला सूज आली, तर दिवस ढकलू नका. वर्षानुवर्षं जोर लावून मूत्राशय थकलं, की ऑपरेशन उत्तम होऊनही काहींची नळी सुटत नाही. वेळेत आले असते तर हे टळलं असतं, असं वाटून फार वाईट वाटतं.

सर्वांत रुळलेलं ऑपरेशन म्हणजे टीयूआरपी. बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन भूल देतात. पोटावर कुठेही छेद नसतो. लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून विजेवर चालणाऱ्या तारेनं वाढलेला भाग थोडा थोडा कापून काढतात. ग्रंथी फार मोठी असेल तर होल्मियम लेझरनं आतला भाग कवचापासून अखंड सोडवणं, म्हणजे होलेप, जास्त सोयीचं. काढलेला भाग तपासणीला पाठवतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, पण ती स्वतःहून बंद करू नका.

आता संकोचामुळे कुणी विचारत नाही, ते. टीयूआरपी किंवा होलेपनंतर बहुतेक पुरुषांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं आणि पुढच्या लघवीतून निघून जातं. शरीराला त्याचा अपाय नाही. ताठरता आणि सुख सहसा पूर्वीसारखंच राहतं. पण मूल हवं असेल तर ही गोष्ट निर्णयाआधीच बोलायला हवी, आणि शक्यतो पत्नीलाही सोबत आणा. ऑपरेशन झाल्यावर हे कळणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

नळी साधारण एक ते तीन दिवस राहते. ती काढल्यावर जळजळ, घाई, क्वचित थेंब गळणं हे काही आठवडे चालतं. दहा-पंधरा दिवसांनी आतली खपली सुटते, तेव्हा लघवी पुन्हा लालसर होऊ शकते. भरपूर पाणी प्या, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, महिनाभर जड उचलणं आणि सायकल टाळा. गुठळ्या पडल्या, लघवी थांबली किंवा थंडी वाजून ताप आला, तर रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा.

ग्रंथीचं बाहेरचं कवच आतच राहतं आणि कॅन्सर बहुधा तिथेच सुरू होतो. म्हणून ऑपरेशननंतरही पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरचा अंदाज घेणारी रक्ताची तपासणी, कधी करायची, ते डॉक्टरांना विचारून ठेवा.