सोप्या शिफ्टवाल्यांची चांदी? छे हो!
दरवर्षी इंजिनिअरिंगची सीईटी, म्हणजे वेगवेगळ्या शिफ्टमध्ये (सत्रांत) वेगवेगळे पेपर देऊन घेतली जाणारी प्रवेश परीक्षा, झाली की साताऱ्यात राजवाड्यावर भेळ खाताना तेच रडगाणं, "त्याचा पेपर सोपा आला, चांदी झाली त्याची." अहो तसं नसतं. निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, तुमच्याच शिफ्टमधली शंभरातली किती पोरं तुमच्याएवढ्या किंवा कमी मार्कांवर आहेत एवढंच ते सांगतं. पेपर सोपा असला की सगळ्यांनाच मार्क पडतात, मग २०० पैकी १५० वाल्याच्याही पुढं गर्दी आणि पर्सेंटाइल खाली, अवघड शिफ्टमध्ये मात्र त्याच १५० ला जास्त मिळतं. आता हुशार पोरं सगळ्या शिफ्टमध्ये सारखीच विखुरलीत हे यात धरलेलं असतं, भांडायचंच तर तिथं भांडा. आणि निगेटिव्ह मार्किंग नसताना प्रश्न कोरे सोडून येणाऱ्यांनी तर शिफ्टचं नावच काढू नये!