अमेरिकेतलं सॉकरवेड

अमेरिकेत सॉकर म्हणजे आपला नेहमीचा फुटबॉल, कारण तिथे फुटबॉल म्हटलं की हेल्मेट घालून धडका देतात तोच गेम. बरीच वर्षं सॉकर हा शाळकरी पोरांचा आणि बाहेरच्या देशांतून आलेल्यांचा खेळ मानला जायचा, मोठी माणसं बघणार एनएफएल, म्हणजे त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलची लीग, नाहीतर बेसबॉल.

सॉकर रुजवायचा पहिला प्रयत्न जुनाच. १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडून खेळायला आला, स्टेडियमं भरली, पण तो गेल्यावर हवा ओसरली आणि कॉसमॉस खेळायची त्या लीगनेच १९८४ नंतर गाशा गुंडाळला. मग १९९४ चा वर्ल्डकप अमेरिकेत झाला, टीम फक्त २४ पण प्रेक्षक जवळपास ३६ लाख, हा आकडा पुढच्या ३२ टीमवाल्या वर्ल्डकपनाही मोडता आला नाही. वर्ल्डकप मिळवताना प्रोफेशनल लीग काढू असा शब्द फिफाला दिला होता म्हणून १९९६ ला मेजर लीग सॉकर म्हणजे एमएलएस आली. अमेरिकन पब्लिकला ड्रॉ चालायचा नाही म्हणून भलतेच नियम केले, घड्याळ उलटं चालायचं, मॅच बरोबरीत सुटली की प्लेयरने ३५ यार्डांवरून बॉल घेऊन धावत येऊन ५ सेकंदांत गोल मारायचा! नवे लोक आले नाहीतच, खरे फॅन मात्र वैतागले, शेवटी १९९९ नंतर हा प्रकार बंद केला.

२००७ ला बेकहॅम, २०२३ ला मेस्सी एमएलएसमध्ये आले, त्यामुळे सॉकर वाढल्याचं क्रेडिट या दोघांनाच मिळतं, पण ते अर्धंच खरं आहे. १९९९ ला महिला वर्ल्डकपच्या फायनलला कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनात ९०,१८५ लोक होते, तेव्हा मेस्सी शाळेत होता. मेक्सिकन घरांमध्ये तर स्पॅनिश चॅनेलवर मेक्सिकोच्या लीगच्या मॅचेस कायमच चालू असायच्या, त्यांना कोणी नव्याने नाद लावायची गरजच नव्हती. २०१३ पासून एनबीसी चॅनेलवर इंग्लंडची प्रीमियर लीग दिसायला लागली आणि टाइम झोनचा फायदा झाला, मॅच शनिवारी सकाळीच उरकते, इतर खेळांशी टक्कर नाही, मग लोक भल्या सकाळी जर्सी घालून पबात हजर.

स्टेडियममधला माहोल बघायचा तर पोर्टलंड. तिथल्या एमएलएस टीमने, टिंबर्सने, गोल मारला की मॅस्कॉट टिंबर जोई चेनसॉने लाकडाच्या ओंडक्याची चकती कापतो, लोक बेभान होतात आणि मॅचनंतर ती चकती गोल मारणाऱ्याला मिळते.

पैसाही वाढला. बेकहॅमच्या करारात २.५ कोटी डॉलरला एमएलएसमध्ये स्वतःची टीम घ्यायची सोय होती, तीच पुढे इंटर मायामी झाली, आणि २०२५ ला आलेल्या सॅन डिएगोच्या टीमला एंट्री फी पडली ५० कोटी डॉलर. पण तळाची टीम खालच्या लीगमध्ये ढकलली जात नाही, त्यामुळे सीझनच्या शेवटी तळाच्या मॅचेस एकदम मिळमिळीत, युरोपातला तो थरार नाही.

२०२६ चा वर्ल्डकप कॅनडा आणि मेक्सिकोसोबत, त्यात ११ शहरं अमेरिकेतली. पण पोरांना चांगल्या क्लबात घालायचं तर आईबापांना वर्षाला हजारो डॉलर मोजावे लागतात, त्यामुळे ज्या वस्त्यांमध्ये हा खेळ सगळ्यात जास्त खेळला जातो तिथलीच बरीच पोरं बाहेर राहतात.