पावसाळ्यात वाळूवर डांबर का येतं? पश्चिम किनाऱ्यावरच्या तेलगळतीची पार्श्वभूमी

मे सरत आला आणि वारा नैऋत्येचा झाला, की कोकणात आणि गोव्यात वाळूवर काळे गोळे दिसू लागतात. काही वाटाण्याएवढे, काही मुठीएवढे. अंगाला वाळू चिकटल्यामुळे लांबून दगडच वाटतात, पण पाय पडला की मऊ लागतात आणि तळव्याला डांबर बसतं. साबणाने ते निघत नाही. खोबरेल तेल नाहीतर रॉकेलचा बोळा घेऊन घासत बसावं लागतं. जाळ्याला लागलं तर तेवढा तुकडा कापून टाकलेला परवडतो.

बातम्यांमध्ये हे नेहमी ‘अचानक’ येतं. पन्नास वर्षांच्या नोंदी पाहिल्या तर यात अचानक असं फार थोडं आहे.

दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गोव्याच्या किनाऱ्यांवरच्या डांबराची मोजदाद सत्तरच्या दशकातच सुरू केली होती. मुंबई हाय क्षेत्रातून तेल काढायला सुरुवात झाली ती 1976 साली, म्हणजे आपल्या विहिरी भरात येण्याआधीही वाळू काळी होत होती. ते तेल टँकरांचं होतं. इराणच्या आखातातून भरून निघालेला टँकर माल उतरवून रिकामा परतताना समुद्रात डळमळू नये म्हणून टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी भरून घेत असे. पुन्हा तेल भरण्याआधी ते पाणी, तळाशी राहिलेल्या तेलासकट, भर समुद्रात सोडलं जाई. टाक्या धुतल्या की ते पाणीही तिथेच. अरबी समुद्र हा या वाहतुकीचा हमरस्ता. हे काम कोणी चोरून करत नव्हतं, ती रोजची रीत होती. जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखण्यासाठीच्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराची अंमलबजावणी 1983 मध्ये सुरू झाली आणि नव्या मोठ्या टँकरांना पाण्यासाठी वेगळ्या टाक्या ठेवणं भाग पडलं, तेव्हा कुठे या रीतीला आळा बसू लागला. पूर्ण थांबली मात्र नाही.

दरम्यान आपल्या समुद्रातही तेल सापडलं होतं. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या जहाजाने मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर मुंबई हायचा शोध लावला. देशाच्या दृष्टीने ती मोठी गोष्ट होती, आजही आहे. पण त्याबरोबर समुद्रतळावरून उरणपर्यंत तेलवाहिन्या आल्या आणि वाहिनी म्हटली की कधीतरी ती फुटणारच. मे 1993 मध्ये अशीच एक मुख्य वाहिनी फुटली आणि हजारो टन कच्चं तेल समुद्रात गेलं. त्याचा तवंग दक्षिणेकडे सरकत मुरुडच्या किनाऱ्याला लागला. जानेवारी 2011 मध्येही उरणला येणाऱ्या वाहिनीतून गळती झाली.

मुंबई हाय मुंबईच्या वायव्येला, मग तेल खाली मुरुडला आणि गोव्याला कसं पोचतं? याचं उत्तर पावसाळ्यात आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो आणि वारा पृष्ठभागावरचं सगळं किनाऱ्याकडे लोटतो. हिवाळ्यात प्रवाह उलटा होतो आणि वाऱ्याचा तो रेटा राहत नाही, त्यामुळे जे सांडतं त्यातलं बरंच किनाऱ्याला लागतच नाही. कच्च्या तेलातला हलका भाग थोड्याच दिवसांत उडून जातो. उरलेला जड भाग लाटांनी घुसळून पाण्याशी एकजीव होतो, घट्ट होत जातो आणि शेवटी गोळे बनून वाळूवर येतो. तेल सांडलं कुठे आणि लागलं कुठे, यात शेकडो किलोमीटरचं आणि कित्येक दिवसांचं अंतर पडतं. दोषी सापडत नाही तो यामुळेच. आता गोळ्यांमधल्या रसायनांच्या खुणा तपासून मूळ शोधता येतं. दोनापावलच्या शास्त्रज्ञांनी तसं केलं तेव्हा काही वर्षांच्या गोळ्यांचं नातं मुंबई हायच्या तेलाशी जुळलं, तर काही वर्षांच्या गोळ्यांचं टँकर धुतलेल्या पाण्याशी.

तिसरा स्रोत आहे मालवाहू जहाजांचं इंधन, आणि माझ्या मते किनाऱ्यावर राहणाऱ्यांना त्याने सर्वांत जास्त छळलं आहे. जहाज तेल वाहून नेणारं नसलं तरी त्याच्या पोटात शेकडो टन फर्नेस ऑइल असतं. हे तेल कच्च्या तेलाहून जड आणि चिवट. शिवाय अपघात होतात ते बहुधा बंदराच्या तोंडाशी, म्हणजे वस्तीजवळ. मे 2006 मध्ये कारवारजवळ ‘ओशन सेराया’ खडकांवर चढलं आणि त्याचं तेल दक्षिण गोव्यात, कासवं अंडी घालायला येतात त्या गालजीबागच्या बाजूला गेलं.

7 ऑगस्ट 2010 रोजी सकाळी तर मुंबई बंदराच्या तोंडाशीच ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ यांची टक्कर झाली. चित्रा न्हावाशेव्याहून 1,200 हून अधिक कंटेनर घेऊन निघालं होतं. ते कललं, कंटेनर पाण्यात कोसळले, काहींत कीटकनाशकं होती, आणि इंधनाच्या 2,600 टनांहून अधिक साठ्यापैकी सुमारे 800 टन समुद्रात गेलं. तरंगत्या कंटेनरांमुळे बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. देशभर चर्चा झाली ती या वाहतुकीचीच.

कोळीवाड्यात वेगळीच घालमेल होती. पावसाळी मासेमारीबंदी संपत आली होती, नारळी पौर्णिमा तोंडावर होती. होड्यांची डागडुजी, जाळी, बर्फ, डिझेल यांसाठी कर्ज उचलून झालेलं असतं आणि पहिल्या फेऱ्यांवर ते फेडायचं असतं. नेमक्या त्याच वेळी मासळी टाळा असं लोकांना सांगितलं गेलं. ज्या पाण्यात तवंग नव्हता तिथल्या मासळीलाही गिऱ्हाईक मिळेना. बाजारात पाटी घेऊन बसलेली बाई हे पापलेट कुठल्या पाण्यातलं, हे कोणाकोणाला पटवून देणार?

तेल उरण, अलिबाग, घारापुरी इथल्या तिवरांमध्ये, म्हणजे खारफुटीत, शिरलं. वाळूवरचं तेल फावड्याने उचलता येतं, चिखलातलं येत नाही. तिवराची मुळं श्वासासाठी चिखलातून वर आलेली असतात. त्यांच्यावर तेलाचा थर बसला की झाड गुदमरतं. भरती दिवसातून दोनदा तेल आत आणते, ओहोटी सगळं परत नेत नाही. खोडांवर भरतीच्या उंचीची काळी रेघ राहते. खेकड्यांच्या बिळांतून तेल खाली उतरतं आणि चिखल उकरला की पुढच्या काळातही वर येत राहतं. चिंबोऱ्या, निवट्या, कालवं, तिसऱ्या यावर पोट भरणारी माणसं याच चिखलात हाताने काम करतात. त्यांच्याकडे होडी नसते, परवाना नसतो, सहकारी सोसायटीचं सभासदत्व नसतं. त्यामुळे पंचनामा होडीचा होतो, जाळ्याचा होतो, यांचा होत नाही.

याचं मूळ कायद्याच्या इतिहासात आहे. मार्च 1967 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ ‘टोरी कॅन्यन’ हा टँकर फुटला आणि एक लाख टनांहून अधिक तेल सांडलं. त्या धक्क्यातून 1969 चा नुकसानभरपाईचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात जहाजमालकाची जबाबदारी ठरली, पण ती टँकरांपुरती. मालवाहू जहाजांच्या इंधनासाठी वेगळा करार व्हायला 2001 उजाडलं, तो लागू झाला 2008 मध्ये, आणि भारत त्यात सामील झाला 2015 च्या सुमारास. म्हणजे चित्राचं इंधन सांडलं तेव्हा ज्या कराराचा आधार घ्यायचा त्यात आपण नव्हतोच. बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई या करारांमध्ये बसते, पण पुरावा लागतो. पावत्या, हिशेब, मागच्या वर्षांचं उत्पन्न. पाटीवर मासळी विकणाऱ्या बाईकडे यातलं काय असणार? व्यवहार रोखीचा आणि तोंडी. मला ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव वाटते, कारण ज्याचं नुकसान सर्वांत थेट, त्याच्याच हाती कागद सर्वांत कमी.

तवंग आवरण्याची जबाबदारी 1986 पासून तटरक्षक दलाकडे आहे आणि समुद्रात ते काम दल करतंही. किनाऱ्याला लागलेलं तेल उचलणं मात्र स्थानिक यंत्रणांकडे येतं, आणि तिथे अनेकदा हातमोजेसुद्धा न घालता गावकरीच बादल्या भरत असतात.

ऑगस्ट 2011 मध्ये ‘रॅक कॅरिअर’ हे 60,000 टन कोळसा नेणारं जहाज मुंबईजवळ बुडालं. बुडालं तेव्हा त्यात सुमारे 290 टन इंधन तेल होतं आणि ते बरेच दिवस झिरपत राहिलं. राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये जहाजाशी संबंधित कंपन्यांना 100 कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई द्यायला सांगितलं. हा निकाल महत्त्वाचा होता, पण ती भरपाई पर्यावरणाच्या हानीची होती.

मे 2025 मध्ये कोचीजवळ ‘एमएससी एल्सा-3’ सुमारे 640 कंटेनरांसह बुडालं. त्यात फर्नेस ऑइल आणि डिझेल मिळून साडेचारशे टन इंधन होतं आणि थोड्याच दिवसांत कंटेनरांमधले प्लास्टिकचे बारीक दाणे थेट तिरुवनंतपुरमच्या वाळूपर्यंत पोचले. केरळ सरकारने ही राज्याची आपत्ती म्हणून जाहीर केली, 2017 च्या सागरी दावे कायद्याखाली उच्च न्यायालयात 9,531 कोटी रुपयांचा दावा लावला आणि त्याच कंपनीच्या ताफ्यातलं दुसरं जहाज विळिंजम बंदरात अडकवून ठेवायला लावलं. त्या दाव्यात मच्छीमारांच्या बुडालेल्या उत्पन्नाची रक्कम पर्यावरणाच्या हानीत न मिसळता वेगळी मांडली आहे: सुमारे 526 कोटी.